वाट विचारावी कुणाला?

दरवर्षी २ जानेवारीला पहाटे सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसे जमतात. १९४३ साली याच दिवशी, उजाडता उजाडता, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे येथे ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. एक माथेरानचा वकील, दुसरा मानिवलीचा शेतकऱ्याचा मुलगा. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून त्यांच्या आझाद दस्त्याने सरकारची झोप उडवली होती. दस्ता जंगलात मुक्काम बदलत राहिला, म्हणून हाती लागत नव्हता. पुढे फितुरी झाली आणि मुक्कामाचा ठाव पोलिसांना लागला. पहाटेच्या थंडीत कान झाकून उभी राहिलेली जुनी माणसे ही हकिगत सांगताना त्या फितुरीपाशी आली, की आवाज आपोआप खाली आणतात.

माझी आत्या म्हशाच्या रस्त्यावरच्या एका गावात राहते, त्यामुळे जमेल त्या वर्षी मीही त्या गर्दीत असतो. कार्यक्रम आटोपला, की आत्याकडे भाकरी आणि वालाचे बिरडे हा ठरलेला बेत. ज्यांनी सिद्धगड चढला आहे त्यांना ठाऊक असेल, की इकडच्या रानात खरी अडचण चढाची नसते, वाटांची असते. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा आणि माणसांच्या वाटा एकसारख्याच दिसतात. पंचविशीत असताना मी एकदा अशाच एका ढोरवाटेने दोन तास चालून भलत्याच ओढ्यात उतरलो होतो. तेव्हापासून एक सवय लागली. रानात शिरण्याआधी गावातल्या माणसाला विचारायचे, आणि त्याने हात करून दाखवलेली दिशा मुकाट्याने धरायची. या रानात मला आजवर कोणी चुकीची वाट दाखवलेली नाही.

या वेळी मात्र आत्याच्या घरी भाकरी पुढ्यात आली आणि तिच्यासोबत वहिनीचा फोनही आला. वहिनी म्हणजे माझ्या आतेभावाची बायको. घरातला सगळा मोबाइलचा कारभार तिच्याकडे. ती म्हणाली, "भावजी, चार दिवस झाले, फोनला काहीतरी झालंय. काही उघडायला गेलं की भलतंच येतं. बक्षीस लागलं म्हणतं, व्हायरस आला म्हणतं. आणि भेंडीचे पैसे..." पुढचे तिला बोलवेना.

भाताचे पीक निघाले, की या भागात पाण्याची सोय असलेले शेतकरी भेंडी लावतात. त्या भेंडीचे १८,४०० रुपये तिच्या खात्यात जमा झाले होते. ते आले का, हे पाहायला तिने फोनवर बँकेचे नाव टाकले. नाव बरोबर होते. अक्षर इकडचे तिकडे झाले नव्हते, कोणी पाठवलेल्या लिंकवर तिने बोट लावले नव्हते, कोणाचा फोनही आला नव्हता. म्हणजे वर्तमानपत्रातून आम्ही मंडळी ज्या ज्या गोष्टी करू नका म्हणून बजावत असतो, त्यातली एकही तिने केली नव्हती. आधी एक इंग्रजी पान आले. त्यावर लाल त्रिकोण होता आणि बारीक अक्षरे होती. खाली काहीतरी दाबायला होते, ते तिने दाबले. मग बँकेचे नेहमीचे पान उघडले. तिने पासवर्ड घातला, आलेला ओटीपी घातला. पान गोल गोल फिरत राहिले. संध्याकाळी आतेभाऊ मुरबाडला एटीएमवर गेला, तेव्हा खात्यात दोनशे काही रुपये उरले होते.

हे कसे झाले, ते समजायला आधी थोडे मागे जावे लागेल.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राचा पत्ता आकड्यांचा असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नाव सांगून आकडा विचारण्याची एक सोय आहे, तिला डीएनएस म्हणतात. फार पूर्वी, अमेरिकेत मोजकीच यंत्रे एकमेकांना जोडलेली होती, तेव्हा सगळ्या नावांची आणि आकड्यांची एकच यादी असे. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवे यंत्र जोडले की त्यांना कळवायचे, ते यादीत एक ओळ वाढवत, आणि बाकीच्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. यंत्रे वाढली तसे हे काम हाताबाहेर गेले. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी ती यादी मोडून तिची वाटणी केली. आता सगळे एकाच ठिकाणी नसते. मूळ ठिकाणी विचारले, तर ते फक्त सांगते, 'डॉट इन'वाल्यांकडे जा. तेथून पुढे बँकेच्या दप्तराकडे. जिल्ह्याने तालुक्याकडे धाडावे आणि तालुक्याने तलाठ्याकडे, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की येथे चकरा आपल्याला माराव्या लागत नाहीत आणि सारे काम डोळ्याचे पाते लवण्याआधी होते.

चकरा आपल्याऐवजी जो मारतो, तोच या गोष्टीतला मोक्याचा माणूस. त्याला आपण वाटाड्या म्हणू. तोही एक सर्व्हरच असतो, बहुधा आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा. आपला फोन दिवसभर त्याला विचारत असतो, अमुक कुठे, तमुक कुठे. तो देईल तो आकडा फोन निमूटपणे धरतो. आणि वाटाड्या कोण, हे फोनला कोण सांगते? घरातला वायफायचा डबा. त्याच्या पोटात त्याबद्दल एक ओळ लिहिलेली असते. ती एक ओळ ज्याने बदलली, त्याच्या हाती त्या घरातला प्रत्येक फोन गेला. बँकेला धक्का लागलेला नसतो, फोनवरचे नाव बरोबर दिसत असते, आणि आपण मात्र ओढ्यात उतरत असतो.

ही कल्पना कोणा पोरासोराच्या डोक्यातून निघालेली नाही, तिचा चांगला बसवलेला धंदा झालेला आहे. २००७ पासून 'डीएनएसचेंजर' नावाचा मालवेअर जगभर पसरला. चित्रफीत पाहायची असेल तर हे उतरवून घ्या, असे सांगून तो संगणकात शिरे आणि वाटाड्या बदले. ज्या डब्यांचे मूळचे पासवर्ड मालकांनी कधी बदललेच नव्हते, त्यांनाही त्याने सोडले नाही. शंभराहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख संगणक त्याच्या कह्यात गेले, अमेरिकेच्या नासा या संस्थेतले काही संगणकसुद्धा. ॲपलच्या गाण्यांच्या दुकानाकडे निघालेला माणूस भलत्याच दुकानात पोहोचे. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याच्या पानाकडे निघालेला करसल्ला विकणाऱ्या एका कंपनीच्या दारात जाई. प्रत्येक चुकलेल्या वाटसरूमागे चोरांना दलाली मिळे. अशी किमान १ कोटी ४० लाख डॉलरची कमाई त्यांनी केली. शिवाय विषाणूनाशकाला नवी माहिती मिळू द्यायची नाही, अशीही तजवीज त्यांनी करून ठेवली होती. म्हणजे वाट चुकवायची आणि वर वैद्याचा रस्ताही बंद करायचा.

नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एस्टोनियाच्या पोलिसांबरोबर सहा जणांना पकडले. पुढचा पेच मात्र पाहण्यासारखा आहे. चोरांचे सर्व्हर बंद करावेत, तर त्यांनाच वाट विचारणाऱ्या लाखो संगणकांचे इंटरनेट त्याच क्षणी बंद पडणार. शेवटी न्यायालयाच्या परवानगीने त्याच आकड्यांवर प्रामाणिक सर्व्हर बसवण्यात आले. चोराच्या गादीवर साधू बसवावा, तसे. ही व्यवस्था आधी मार्च २०१२ पर्यंत होती, ती ९ जुलैपर्यंत वाढवावी लागली. कारण लोक आपले संगणक दुरुस्तच करीत नव्हते. करतील कसे? त्यांना काही झाल्याचे जाणवतच नव्हते. शेवटचा दिवस उजाडला तेव्हाही दोन लाखांवर संगणक तसेच होते, आणि त्यांत आपल्या देशातलेही हजारो. टोळीच्या म्होरक्याला २०१६ साली सात वर्षांहून अधिक कैद झाली. कल्पना मात्र कैदेत गेली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस फोनमधून वायफायच्या डब्यात शिरणारा 'स्विचर' नावाचा मालवेअर सापडला.

विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या मधोमध चोर उभा राहिला की काय होते, हे महाराष्ट्राने फार मोठ्या रकमेवर पाहिले आहे. तो प्रकार डीएनएसचा नव्हता, पण जातकुळी तीच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत मालवेअर शिरवून चोरांनी एक खोटी यंत्रणा मध्ये उभी केली. जगभरातली एटीएम यंत्रे विचारीत, या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? तो प्रश्न बँकेपर्यंत पोहोचतच नसे. मधला तोतया परस्पर 'द्या' म्हणून सांगे. ११ ऑगस्टच्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातूनही निघाले. सोमवारी आणखी एक रक्कम हाँगकाँगकडे गेली. एकूण ९४ कोटी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने यात अकरा जणांना दोषी ठरवले. शंभर वर्षांहून जुनी बँक जेथे फसली, तेथे भेंडी लावणाऱ्या बाईला 'तुला कळायला नको का' म्हणणे मला तरी जमत नाही.

आतेभावाला ते जमत होते. तो दोन दिवस तिच्यावर चिडलेला होता. वहिनी काही न बोलता भाकऱ्या थापत होती, आणि त्या घरात मला कधी नव्हे तो अवघडलेपणा वाटत होता. त्याचे एक कारण असेही होते, की तो वायफायचा डबा चार वर्षांपूर्वी मीच बसवून दिला होता.

भाकरी तशीच ठेवून मी डबा उघडला. म्हणजे फोनवरून त्याच्या कारभाराच्या पानावर गेलो. येथे एक गोष्ट सांगायला हवी, जी पुष्कळ शिकलेल्यांनाही माहीत नसते. डब्याला दोन पासवर्ड असतात. एक वायफाय वापरण्याचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा डब्याचा कारभार बदलण्याचा. पहिला मी मोठ्या हौसेने ठेवला होता, आत्याच्या गाईचे नाव आणि पुढे आकडे. दुसरा कारखान्यातून आला तसाच होता, जो त्या कंपनीच्या प्रत्येक डब्याला असतो आणि जगातल्या प्रत्येक चोराला पाठ असतो. बसवून देणाऱ्या मुलाने काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, भाकरीची घाई होती. आत पाहिले, तर वाटाड्याच्या ओळीत कुठलाच भलता आकडा. कंपनीला फोन करून विचारले, तो त्यांचा नव्हता.

डब्याच्या पाठीमागे एक बारीक भोक असते. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबले, की डबा पुन्हा कोरा होतो. तसे केले, नवा पासवर्ड घातला, सगळे सुरळीत झाले. मी सुटकेचा श्वास टाकून रात्री तेथेच मुक्काम केला. आणि सकाळी पाहतो, तो ओळ पुन्हा बदललेली!

चोर बाहेरून आलाच नव्हता, तो घरातच होता. माझ्या भाच्याने, म्हणजे वहिनीच्या मुलाने, क्रिकेटचे सामने फुकट दिसतात म्हणून मित्राने व्हॉट्सॲपवर धाडलेले एक ॲप फोनमध्ये घेतले होते. सामने दिसत होते, त्यामुळे संशय कोणाला यावा? ते ॲप घरच्या वायफायवर आले, की डब्याच्या दारावर नेहमीचे पासवर्ड आळीपाळीने लावून पाही. आदल्या संध्याकाळी मी घातलेला नवा पासवर्डही गावाचे नाव आणि एक-दोन-तीन, इतका भोळा होता. अशी ॲपे कधी लग्नपत्रिका म्हणून येतात, कधी वाहनाचा दंड भरा म्हणून. प्ले स्टोअरच्या बाहेरून, कोणाच्याही भरवशावर आलेले ॲप फोनमध्ये घालायचे नाही, हे भाच्याला सांगितले. त्याचा चेहरा पाहून अधिक काही बोलवेना. आधी ते ॲप काढले, फोनही पुसून कोरा केला, मग पुन्हा टाचणी, मग चांगला लांबलचक पासवर्ड. क्रम हाच हवा. घरात चोर ठेवून कुलूप बदलण्यात अर्थ नाही. डब्याच्या आतली प्रणाली अद्ययावत करण्याचे एक बटणही त्या पानावर असते, तेही दाबले. डबा फार जुना असेल आणि कंपनीने त्याच्याकडे पाठ फिरवली असेल, तर तो बदललेला बरा.

वहिनीच्या फोनमध्ये आणखी एक सोय करून दिली. २०१८ नंतरच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' अशी एक जागा असते. तेथे आपल्या विश्वासातल्या वाटाड्याचे नाव लिहून ठेवले, की फोन डब्याला विचारायला जात नाही. तो त्या वाटाड्यालाच विचारतो आणि तेही बंद पाकिटातून. गूगल, क्लाउडफ्लेअर अशांची ही सेवा फुकट असते. कोणा परदेशी कंपनीला आपल्या साऱ्या वाटा कळाव्यात का, असे वाचकांपैकी कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आपण कुठे कुठे जातो, हे कोणातरी वाटाड्याला कळणारच. तो आपण निवडलेला असावा, एवढेच आपल्या हातात आहे.

आणि पाहुण्या घरी किंवा हॉटेलात शंका आली, तर एक सोपी परीक्षा आहे. वायफाय बंद करायचे, फोनचा स्वतःचा डेटा चालू करायचा आणि तेच पान पुन्हा उघडायचे. डेटावर नीट दिसते आणि वायफायवर भलतेच येते, असे झाले तर दोष बहुधा डब्यात आहे.

आता राहिले ते लाल त्रिकोणाचे पान. मला विचाराल तर सगळा मामला तेथेच अडत होता. खोटा वाटाड्या तुम्हाला खोट्या दारात नेऊ शकतो, पण त्या दाराकडे बँकेच्या सही-शिक्क्याचा दाखला नसतो. फोनमधला ब्राउझर तो दाखला मागतो, मिळाला नाही की थांबतो आणि सांगतो, पुढे जाऊ नका. म्हणजे नाव बरोबर आणि तरीही इशारा, असे दिसले तर मागे फिरायचे, घाई कितीही असो. उलट नाव नीट वाचलेच नाही आणि नुसते कुलपाचे चिन्ह पाहून निर्धास्त झालो, तर तेही फसवे. भामट्यालाही स्वतःच्या खोट्या नावाचा दाखला काढता येतो. बँकेचे खरे नाव ओळखणे आता थोडे सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेपटाखाली आणायला ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. ते शेपूट बँकेखेरीज कोणाला मिळत नाही.

पण वहिनीच्या फोनने इशारा दिला होता की! अगदी वेळेवर दिला होता. तो इंग्रजीत होता. सातवीपर्यंत शिकलेली, सातबारा आणि खताच्या पिशवीवरची बारीक अक्षरे नीट वाचणारी ही बाई त्या पानापुढे निरक्षर होती. फोन घेतला तेव्हा दुकानदाराने त्याची भाषा इंग्रजी ठेवली आणि आम्ही कोणीच ती बदलली नाही. 'फोन काय इंग्रजीतच असतो' असे तिनेही धरून चालले. इंग्रजीत काही आले, की खालचे बटण दाबायचे, हे तिला आम्हीच शिकवलेले. गेल्या दिवाळीत एका अर्जाच्या वेळी मीच तिला फोनवरून सांगितले होते, "काही विचारलं तर पुढे पुढे दाबत जा." ही आठवण मला तेथे बसल्या बसल्या झाली. आतेभावाला ती मोठ्याने सांगितली, तेव्हा तो बायकोकडे न पाहता उठून गोठ्याकडे गेला.

तिच्या फोनची भाषा मराठी करायला एक मिनिटही लागले नाही.

१९३० या क्रमांकावर तक्रार आम्ही त्याच दिवशी नोंदवली, पासवर्ड बदलले, बँकेतही अर्ज दिला. हा फोन पैसे गेल्याचे कळल्या क्षणी करायचा असतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत गोठवता आले तर आले. आमच्याकडून दोन दिवस वाया गेले होते. रकमेतले काही परत मिळेल का, हे अजून ठरायचे आहे.

महिन्याभराने वहिनीचा फोन आला. मुरबाडला एका दुकानात बसली होती, तेथल्या वायफायवर खात्यातली शिल्लक पाहायला गेली, तो त्रिकोणाचे पान आले. "भावजी, वाचून दाखवते," म्हणाली आणि सावकाश वाचू लागली, "तुमचे कनेक्शन... खाजगी नाही." मग थांबली. "मी काही दाबलं नाही हो. तसंच ठेवलंय."

मी म्हटले, "वायफाय बंद करा, डेटा चालू करा, आणि पुन्हा उघडून बघा."

थोडा वेळ नुसता बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"उघडलं," ती म्हणाली. "त्रिकोण नाही आला. आता दुकानदाराला सांगू का, त्याच्या डब्याचं?"